टकरीचा हिशोब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात रात्री उसाच्या ट्रॉल्यांना मागून धडकणाऱ्या गाड्यांबद्दल लिहिलं होतं. त्यात ओघात एक वाक्य होतं : 'टक्कर कुठलीही असो, आधी जेवढा संवेग तेवढाच नंतर.' त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा म्हणून घसा कोरडा केला होता ते कुणी वाचलं की नाही, शंका यावी. असो.

मी शिक्षक नाही. मेकॅनिकलचा इंजिनिअर आहे आणि पोटासाठी विम्याचा सर्व्हेअर. पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर अशा सोलापुरातून फुटणाऱ्या सगळ्या रस्त्यांवर चेपलेल्या गाड्या बघत आयुष्य गेलं. त्यामुळे उत्तरं पुस्तकाच्या क्रमानं येणार नाहीत. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि वेगाला दिशा असते, एवढं शाळेतलं आठवत असेल असं धरतो. लोकांचे निम्मे घोळ त्या दिशेच्या विसरापायी होतात.

प्रश्न : समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या प्रत्येकी 60 च्या स्पीडनं धडकल्या, तर ते 120 नं भिंतीवर आदळल्यासारखंच ना? आमच्या ड्रायव्हर लोकांत पैज लागली आहे. (ट्रान्सपोर्ट व्यावसायिक, होटगी रोड)

पैजेचे पैसे इतक्यात देऊ नका. समोरून काय येतंय ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

आधी दोन्ही गाड्या एकसारख्या धरू. प्रत्येकी हजार किलो, एकीचं तोंड पुण्याकडे, दुसरीचं हैदराबादकडे. एकीचा संवेग अधिक, दुसरीचा तेवढाच उणे, बेरीज शून्य. धडकून एकमेकींत अडकल्या की दोन्ही जागेवर थांबतात. आता एकाच गाडीपुरतं बघा. ती 60 वरून शून्यावर आली. हीच गाडी एकटी 60 नं काँक्रीटच्या भिंतीवर गेली असती तरी 60 वरून शून्यावरच आली असती. बोनेट तेवढंच चेपलं असतं, वेळ तेवढाच लागला असता. म्हणजे ही 60 ची भिंत झाली. 120 नं भिंतीवर गेलेल्या गाडीत गतिज ऊर्जा चौपट असते. तसली गाडी समोर आली की मॉडेल कुठलं ते ओळखायला मला चासी नंबर शोधावा लागतो.

'पण माझ्या सीटवरून बघितलं तर समोरचा 120 नंच अंगावर येतोय की ओ!' असं तुमच्यातला एखादा म्हणणारच. येतोय, खरं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं टकरीचा प्रश्न याच वाटेनं सोडवला. त्यानं अशी कल्पना केली, की कालव्यातून संथ चाललेल्या नावेत एक माणूस दोन गोळे एकमेकांवर आदळवतोय आणि काठावरचा दुसरा माणूस तीच टक्कर बघतोय. दोघांना गोळ्यांचे वेग वेगळे दिसतील, पण नियम दोघांना एकच लागू झाला पाहिजे. आता तुमच्या शेजारून तुमच्याच 60 च्या वेगानं, कुणालाही न धडकता पुढे जाणारी एक नाव आहे असं समजा. नावेतल्या माणसाला तुमची गाडी आधी स्थिर दिसते आणि समोरची 120 नं येताना दिसते. धडकेनंतर त्याला अडकलेला सांगाडा 60 नं मागे जाताना दिसतो. तुमच्या वेगात पडलेला फरक पुन्हा 60 चाच. समोरची गाडी भिंतीसारखी अडून बसलेली नसते, तीही चेपते आणि तीही ढकलली जाते. 120 म्हणणारे हेच सोडून देतात.

हायगेन्सच्या आधी, 1644 मध्ये, देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं टकरीचे सात नियम छापले होते आणि त्यातले बहुतेक चूक होते. मोठा माणूस, पण गती मोजताना त्यानं दिशा धरलीच नाही. त्याचा एक नियम असा, की लहान वस्तू कितीही वेगानं आली तरी थांबलेल्या मोठ्या वस्तूला हलवू शकत नाही. सोलापुरातल्या सात रस्ता चौकात सिग्नलवर उभ्या रिक्षाला मागून मोटारसायकल लागताना त्यानं एकदा पाहायला हवं होतं.

आता समोरून भरलेला ट्रक आणा. ट्रक मालासकट 25 टन, तुमची गाडी 1 टन, दोघांचा वेग 60. ट्रकचा 25 गुणिले 60, त्यातून गाडीचा 1 गुणिले 60 वजा, राहिले 1440. दोघांचं मिळून वस्तुमान 26 टन, त्यानं भागा. अडकलेला सांगाडा ट्रकच्याच दिशेनं 55 पेक्षा थोड्या जास्त वेगानं पुढे जातो. ट्रकच्या वेगात फरक पडला साडेचारच्या आसपास. गाडी 60 नं एकीकडे जात होती ती आता 55 नं उलटीकडे चालली आहे, म्हणजे फरक 115 चा! इथे मात्र 120 वाला ड्रायव्हर पैज जवळजवळ जिंकला.

यातलं एक लोकांना पटवायला मला कायम जड जातं. ट्रकनं गाडीला जेवढ्या बलानं दाबलं, तेवढ्याच बलानं गाडीनं ट्रकला दाबलं. संवेगातला फरकही दोघांचा सारखाच. पण तो पेलायला एकाकडे 25 टन आहेत आणि दुसऱ्याकडे एकच. 'धक्का फारसा जाणवला नाही साहेब' असं ट्रक ड्रायव्हर जबाबात सांगतो तेव्हा ऐकणारे चिडतात. तो खोटं बोलत नसतो.

प्रश्न : गाडी झाडावर आदळते आणि थांबते. आधी संवेग होता, नंतर शून्य. मग संवेग टिकून राहतो हा अक्षय्यतेचा नियम कुठे गेला? क्लासमध्ये विचारलं तर 'बाह्य बल आहे, नियम लागू नाही' असं उत्तर मिळालं. म्हणजे नियम सोयीनं लावायचा का? (विद्यार्थिनी, बारावी विज्ञान, अक्कलकोट)

क्लासमधलं उत्तर परीक्षेत लिही, मार्क मिळतील. तुझी तक्रार मात्र त्या उत्तरापेक्षा सरस आहे.

झाडाला मुळांनी जमीन धरून ठेवली आहे आणि जमीन म्हणजे पृथ्वी. संवेग झाडातून पृथ्वीकडे गेला. करून बघू. हजार किलोची गाडी, ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. संवेग झाला 20,000. पृथ्वीचं वस्तुमान 6 वर 24 शून्यं एवढे किलो. भागाकार केलास तर पृथ्वीला मिळालेला वेग येतो सेकंदाला 0 पूर्णांक, मग वीस शून्यं आणि मग 33, इतके मीटर. या वेगानं एका प्रोटॉनच्या रुंदीएवढं अंतर कापायला पृथ्वीला पाच-सहा दिवस लागतील. कुठल्याही यंत्राला हे दिसणार नाही. पण तेवढ्या सूक्ष्म वेगाला तेवढ्या प्रचंड वस्तुमानानं गुणलंस की नेमके तुझे 20,000 परत येतात.

यापुढची गंमत पुस्तकात सहसा नसते. गाडीकडे हा संवेग आला कुठून? अक्कलकोटहून निघताना टायरनं रस्ता मागे ढकलला तेव्हा. गाडीला पुढे 20,000 मिळाले, पृथ्वीला मागे 20,000. झाडावर आदळून गाडीनं ते उसने परत केले. मधल्या रस्त्यावर ब्रेक मारून थांबली असती तरी तेच, फक्त हळूहळू.

तेव्हा नियम सोयीनं लावायचा नसतो. हिशोबात कुणाकुणाला धरायचं ते मात्र आपण ठरवतो. फक्त गाडी धरलीस तर संवेग नाहीसा झाला असं दिसेल. गाडी आणि पृथ्वी दोन्ही धरलेस तर काही हललेलं नाही. माझ्या धंद्यातला अनुभव हाच आहे. संवेगाचा हिशोब जुळला नाही, तर टकरीत सामील असलेलं कुणीतरी मोजायचं राहिलेलं असतं.

प्रश्न : अपघाताच्या वेळी वेग कुणी मोजलेला नसतो. तरी तुमच्या रिपोर्टमध्ये वेग लिहिलेला असतो. तो अंदाज असतो का? (ज्युनिअर वकील, सोलापूर)

वकीलसाहेब, उलटतपासणीत हा प्रश्न मला तुमच्या सीनिअरांनीच शिकवला आहे. उत्तर : हिशोब असतो, पण तो करण्याजोगी परिस्थिती असेल तरच. कुठली केस ते सांगत नाही. आकडेही सरळ करून घेतले आहेत, म्हणजे तुम्हाला कागदावर करून बघता येतील.

चौकात काटकोनात दोन रस्ते. भरलेला टेम्पो उत्तरेकडे चालला आहे, मालासकट 2500 किलो. कार पूर्वेकडे चालली आहे, माणसांसकट 1000 किलो. कार टेम्पोत घुसली, दोन्ही अडकले आणि एकत्र घसरत गेले. टेप लावून मोजलं तर धडकेच्या जागेपासून 8 मीटर उत्तरेला आणि 6 मीटर पूर्वेला, म्हणजे तिरपं 10 मीटर. रस्ता कोरडा डांबरी, चाकं जाम. टायरचे काळे पट्टे स्पष्ट.

आधी शेवटाकडून सुरुवात करायची. कोरड्या डांबरावर घसरणाऱ्या रबराचा घर्षणांक साधारण 0.7. 10 मीटर घसरून थांबायचं तर घसरण सुरू होताना वेग किती हवा? 2 गुणिले 0.7 गुणिले 9.8 गुणिले 10, त्याचं वर्गमूळ, 11.7 मीटर प्रति सेकंद. दोघांचं वस्तुमान 3500 किलो, म्हणून धडक झाल्याबरोबरचा एकूण संवेग सुमारे 41,000.

आता दिशा. तिरप्या 10 मधले 8 उत्तरेचे, म्हणून उत्तरेचा संवेग 32,800. कार उत्तरेकडे जातच नव्हती, तेव्हा हा सगळा टेम्पोचा. 2500 नं भागा : सेकंदाला 13.1 मीटर, ताशी 47 किलोमीटर. 10 मधले 6 पूर्वेचे, म्हणून पूर्वेचा संवेग 24,600, तो सगळा कारचा. हजारानं भागा : सेकंदाला 24.6 मीटर, ताशी 89 किलोमीटर.

कारवाल्याचा जबाब असतो, 'चाळीसच्या वर नव्हतो.' चाळीस हा आकडा जबाबात इतक्या वेळा भेटतो, की जिल्ह्यातल्या सगळ्या स्पीडोमीटरांचा काटा तिथेच अडकत असावा.

तुम्ही विचाराल, या सगळ्यात रस्त्याचं घर्षण धडकेच्या क्षणीही होतं, त्यानं संवेग नेला नाही का? नेला, पण किरकोळ. धडक दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात उरकते. तेवढ्यात हजार किलोच्या गाडीकडून रस्ता फार तर 700 चा संवेग काढून घेतो, आणि टकरीत देवघेव चालली आहे वीस हजारांवर. तीन-चार टक्क्यांचा फरक. म्हणून टकरीपुरता रस्ता सोडून देता येतो, आणि घसरणीच्या हिशोबात मात्र तोच धरायचा.

बरेच नवे सर्व्हेअर हाच हिशोब ऊर्जेनं करायला जातात आणि फसतात. या उदाहरणात धडकेआधी दोघांची मिळून गतिज ऊर्जा 5 लाख ज्यूलच्या थोडी वर होती. धडकेनंतर उरली 2 लाख 40 हजार. निम्म्याहून जास्त गेली : पत्रा मुरगळण्यात, काच फोडण्यात, गरम होण्यात, त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात. ती किती जाईल हे आधी सांगता येत नाही. संवेग मात्र पुरा होता, कारण पत्रा मुरगळून संवेग खर्च होत नाही. वाकलेल्या पत्र्यात ऊर्जा मुरते. संवेग दुसऱ्या कुणाला तरी द्यावाच लागतो.

आणि हेही लिहून ठेवा, कारण तुम्ही विचारणारच आहात. घर्षणांक 0.6 धरला तर कारचा वेग 82 येतो, 0.8 धरला तर 95. म्हणून कोर्टात मी एकच आकडा देत नाही, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पट्टा देतो. गाड्या डिव्हायडरला घासल्या असतील, पाऊस झाला असेल, चाकं फिरती राहिली असतील तर पट्टा रुंदावतो. कधी इतका रुंदावतो, की 'सांगता येत नाही' असंच लिहावं लागतं.

प्रश्न : पूर्वीच्या जाड पत्र्याच्या मोटारी धडकल्या तरी सरळ करून पुन्हा रस्त्यावर यायच्या. आताच्या बोटानं दाबल्या तरी दबतात. पत्रा पातळ करून कंपन्या आपल्याला फसवत नाहीत का? (निवृत्त एस.टी. चालक, बार्शी)

मामा, गाडी सरळ व्हायची हे खरं. आतला माणूस सरळ व्हायचा का, ते आठवून बघा.

ताशी 60 नं जाणाऱ्या 70 किलोच्या माणसाचा संवेग साधारण 1170. गाडी थांबणार म्हटल्यावर तो शून्यावर यायलाच हवा, त्यात सवलत नाही. सवलत फक्त वेळेत आहे. पुढचा भाग ऐंशी-एक सेंटिमीटर चेपला, तर थांबायला सेकंदाचा दहावा भाग मिळतो आणि सीट बेल्टच्या पट्ट्यातून माणसावर सरासरी सव्वा टनाच्या आसपास वजनाएवढं बल येतं. बरगड्या दुखतील, माणूस बोलेल. गाडी कडक असून जेमतेम सतरा सेंटिमीटरच चेपली, तर वेळ मिळतो पन्नासाव्या भागाचा आणि बल होतं सहा टनांचं.

पुढचा-मागचा भाग मुद्दाम मऊ आणि मधली केबिन कडक, ही कल्पना बेला बारेनी या इंजिनिअरची. 1959 मध्ये मर्सिडीजच्या गाडीत ती बाजारात आली. त्याच वर्षी व्होल्व्होच्या नील्स बोलिननं तीन टोकांचा सीट बेल्ट आणला. दोन्ही लागतात. गाडी ऐंशी सेंटिमीटर चेपत थांबतेय आणि तुम्ही पट्ट्याशिवाय मोकळे असाल, तर तुम्ही आधीच्याच वेगानं पुढे जाऊन डॅशबोर्डवर दोन-चार सेंटिमीटरांत थांबता. गाडीला मिळालेला वेळ तुमच्या वाट्याला येतच नाही.

पत्र्याबद्दल : दरवाजाचा बाहेरचा पत्रा बोटानं दबतो, पण त्याच्या आत काय आहे ते बोटाला कळत नाही. ते 'भारत एनकॅप'च्या चाचणीत कळतं. 2023 पासून ती आपल्याकडे आहे, आणि तीत गाडी 64 च्या वेगानं, पुढच्या भागाचा एक हिस्सा लागेल अशी, चेपणाऱ्या अडथळ्यावर आदळवतात. गाडी घेताना पत्रा वाजवून बघण्यापेक्षा त्या चाचणीत गाडीला किती तारे मिळाले ते बघा.

प्रश्न : आमच्या शेजारी यंत्रमाग आहेत. धोट्याच्या मागांनी भिंत हादरते, बिनधोट्याच्या नव्या मागांनी कमी. आवाजामुळे का? (गृहिणी, पूर्व भाग)

आवाजानं नव्हे, ताई. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जाणारा तुकडा, फेकताना माग त्याला उजवीकडे ढकलतो, तेव्हा मागाचा सांगाडा डावीकडे ढकलला जातो. पलीकडच्या पेटीत धोटा थांबतो तेव्हा तोच संवेग सांगाड्याला उजवीकडे मिळतो. परतीच्या फेरीत हेच उलट. सांगाडा बोल्टनं फरशीला बांधलेला, फरशी तुमच्या भिंतीला चिकटलेली. म्हणजे प्रत्येक फेरीला दोन धक्के, तेही विरुद्ध दिशांचे, आणि दिवसभर. नव्या मागांत बाणा, म्हणजे तो आडवा धागा, नेणारी वस्तू धोट्यापेक्षा पुष्कळ हलकी असते, काहींत तर हवेचा झोतच नेतो, म्हणून देवघेवही कमी. शेजाऱ्यांना मागाखाली रबराचे पॅड घालायला सांगा. संवेग तेवढाच जाईल, पण हळू जाईल. शेजारी ऐकतील का, ते माझ्या विषयात बसत नाही.

प्रश्न : कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीला नीट लागला की सोंगटी स्ट्रायकरपेक्षा जोरात सुटते. दिला त्यापेक्षा जास्त वेग आला कुठून? (यंत्रमाग कामगार, विडी घरकुल)

या महिन्यातला माझा आवडता प्रश्न. मीही मंडळाच्या बोर्डावर बोटं दुखेपर्यंत खेळलेला माणूस आहे.

नियमाप्रमाणे स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा, सोंगटी 5 ते साडेपाच ग्रॅमची. 15 आणि 5 धरू, आणि टक्कर अगदी समोरासमोर, ऊर्जा वाया न जाणारी धरू. स्ट्रायकरचा वेग 2 असेल, तर संवेग 30. टकरीनंतर स्ट्रायकर 1 नं पुढे जातो, सोंगटी 3 नं. जोडून बघा : 15 आणि 15, झाले 30. वेगाचा वर्ग घेऊन ऊर्जाही ताडून बघा : आधी 15 गुणिले 4, म्हणजे 60. नंतर 15 गुणिले 1 आणि 5 गुणिले 9, म्हणजे पुन्हा 60. (अर्ध्यानं गुणणं दोन्हीकडे सारखंच, म्हणून सोडलं.) सोंगटीला दीडपट वेग मिळाला, पण ती हलकी आहे. दिल्यापेक्षा जास्त काही निघालेलं नाही.

सोंगटीनं सोंगटीला सरळ मारलं, तर वस्तुमान सारखं म्हणून मागची जवळजवळ जागेवर थांबते आणि पुढची सगळा वेग घेऊन निघते. तिरपी लागली तर दोघी एकमेकींशी जवळपास काटकोन करून फुटतात. चांगले खेळाडू हा काटकोन डोळ्यांनीच ओळखतात. गणित मांडायला सांगितलं तर पळून जातील.

प्रत्यक्षात थोडी ऊर्जा वाया जातेच. ती किती, हे न्यूटननं दोऱ्यांना गोळे टांगून मोजलं होतं आणि 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त लिहून ठेवलं. काचेचे गोळे 16 च्या वेगानं जवळ आले, तर 15 नं दूर जायचे. घट्ट दाबलेल्या लोकरीचे 9 नं जवळ आले, तर 5 नंच दूर. ऊर्जेच्या बाबतीत काच आणि लोकर यांत एवढा फरक, पण संवेगाची बेरीज दोन्हींत सारखीच टिकली.

आता एक कोडं. समजा स्ट्रायकर अदृश्य आहे. तुम्हाला फक्त त्यानं उडवलेल्या सोंगट्या दिसतात. एकदा त्यानं हलकी सोंगटी समोरासमोर उडवली, एकदा जड. दोघींची वस्तुमानं आणि वेग माहीत आहेत. स्ट्रायकर किती ग्रॅमचा ते सांगता येईल? येईल. 1932 मध्ये जेम्स चॅडविकनं केंब्रिजला हेच केलं. बेरिलियम या धातूतून कसलेतरी किरण निघत होते, त्यांच्यावर विद्युतभार नव्हता, त्यामुळे ते थेट दिसत नव्हते. ते प्रकाशासारखे गॅमा किरण असावेत असा इतरांचा समज होता, पण तसं धरलं तर ऊर्जा आणि संवेगाचा हिशोब बसत नव्हता. त्या किरणांनी हायड्रोजनचे अणू जास्तीत जास्त सेकंदाला 33,000 किलोमीटर वेगानं उडवले, नायट्रोजनचे 4,700 नं. पहिला वेग दुसऱ्याच्या सातपट. नायट्रोजन हायड्रोजनच्या चौदापट जड. न दिसणाऱ्या कणाचं वस्तुमान म धरा, तर (म अधिक 14) भागिले (म अधिक 1) बरोबर 7. सोडवून बघा, म येतो 1 च्या थोडा वर. म्हणजे तो कण हायड्रोजनच्या केंद्रकाएवढाच जड होता. असा न्यूट्रॉन सापडला. मोजायचा राहिलेला गडी तोच होता.

प्रश्न : नासानं लघुग्रहावर यान आदळवून त्याची वाट बदलली असं वाचलं. एवढ्याशा यानानं डोंगराएवढा दगड हलला कसा? (निवृत्त लिपिक, पंढरपूर)

26 सप्टेंबर 2022 ला 'डार्ट' हे यान डिमॉर्फस नावाच्या दगडावर आदळलं. दगड सुमारे दीडशे मीटर रुंद, आणि तो डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. यान साधारण 580 किलोचं, वेग सेकंदाला 6 किलोमीटरच्या थोडा वर. संवेग गुणून बघा, 35 लाखांच्या आसपास येतो. दगडाचं वस्तुमान 4 अब्ज किलोच्या वर असल्याचा अंदाज आहे. यान त्यात नुसतं रुतून बसलं असतं, तर दगडाचा वेग सेकंदाला मिलिमीटरभरसुद्धा बदलला नसता.

प्रत्यक्षात बदलला 2.7 मिलिमीटर. डिडिमॉसभोवतीची फेरी आधी 11 तास 55 मिनिटांची होती, ती अर्ध्या तासाहून थोडी जास्त आखडली. यानाकडे होता त्याच्या तिपटीहून जास्त संवेग दगडाला मिळाला!

कुठून, ते आता तुम्हीच सांगू शकाल. आदळल्यावर दगडातून माती-खडे यानाच्या उलट दिशेला उसळले. त्यांनी मागे नेलेला संवेग उणे, म्हणून दगडाला तेवढाच जादा पुढे मिळाला. यान आणि दगड एवढेच धरले तर बेरीज चुकते. उडालेला ढिगारा धरला की जुळते. तो दगड एकसंध कातळ असता तर एवढं उसळलं नसतं आणि धक्काही कमी बसला असता.

यातला दगडाच्या वस्तुमानाचा आकडा अजून अंदाजाचाच आहे, कारण जवळ जाऊन ते कुणी तपासलेलं नव्हतं. युरोपचं 'हेरा' यान ऑक्टोबर 2024 मध्ये त्यासाठीच निघालं. डिमॉर्फसचं वस्तुमान ठरवणं आणि धडकेचा खड्डा जवळून पाहणं ही त्याची मुख्य कामं. ते वस्तुमान हाती आलं, की तिपटीहून जास्त म्हणजे नेमकं किती पट, ते पक्कं करता येईल. आमच्या भाषेत, स्पॉट सर्व्हे.